बॉम्बे रक्तगटाचा शोधनिबंध

बॉम्बे रक्तगटाचा शोधनिबंध म्हणजे १९५२ साली 'द लॅन्सेट' या लंडनच्या वैद्यकीय साप्ताहिकात प्रसिद्ध झालेला दोन पानांचा निबंध होय. एबीओ प्रणालीशी संबंधित एक 'नवे' रक्तगट-लक्षण, असा त्याच्या इंग्रजी शीर्षकाचा अर्थ आहे. त्यातील 'नवे' हा शब्द लेखकांनी अवतरणचिन्हांत ठेवला होता. मुंबईतील वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया व लंडनमधील रूथ सँगर, आर. आर. रेस, डब्ल्यू. टी. जे. मॉर्गन आणि विनिफ्रेड वॉटकिन्स असे सात लेखक त्यावर आहेत. ए, बी आणि एच हे तिन्ही प्रतिजन ज्यांच्या तांबड्या रक्तपेशींवर नाहीत, अशा माणसांची नोंद जागतिक वैद्यकीय वाङ्मयात या निबंधाने प्रथम झाली. या स्थितीला पुढे 'बॉम्बे रक्तगट' किंवा 'बॉम्बे लक्षणप्ररूप' हे नाव मिळाले.

मानवी आनुवंशिकीतील संशोधनाचे मोल प्रकाशनांच्या व संदर्भांच्या संख्येवरून ठरवण्याची पद्धत आज सर्वत्र रूढ आहे. या पद्धतीत काय मोजले जाते आणि काय सुटते, हे पाहण्यासाठी महाराष्ट्रात झालेल्या संशोधनांपैकी हा निबंध विशेष उपयुक्त ठरतो. त्याचा विषय जगभरच्या आनुवंशिकीच्या पाठ्यपुस्तकांत आणि रक्तपेढ्यांच्या प्रशिक्षणात शिकवला जातो. त्याच्या मुंबईकर लेखकांची नावे मात्र ते शिकणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असतात.

पार्श्वभूमी

कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ मध्ये मानवी रक्ताचे गट दाखवून दिले व त्याबद्दल त्यांना १९३० चे नोबेल पारितोषिक मिळाले. हे गट एकाच जनुकाच्या तीन पर्यायी रूपांमुळे ठरतात, हे फेलिक्स बर्नस्टाइन यांनी १९२४ च्या सुमारास गणिताच्या आधारे मांडले. भारतीयांच्या रक्ताविषयीची पहिली मोठी आकडेवारीही 'लॅन्सेट'मध्येच आली होती. लुडविक व हांका हिर्शफेल्ड या दांपत्याने पहिल्या महायुद्धात सलोनिका येथे निरनिराळ्या देशांच्या सैनिकांचे रक्त तपासले. भारतीय सैनिकांत बी गटाचे प्रमाण युरोपीयांपेक्षा बरेच अधिक आहे, असे त्यांनी १९१९ मध्ये नोंदवले.

मुंबईत या विषयाला अनुकूल वातावरण स्वातंत्र्याच्या आसपास तयार झाले. व्ही. आर. खानोलकर आणि एल. डी. संघवी यांनी मुंबईतील सहा अंतर्विवाही समूहांतील आनुवंशिक विविधतेचे विश्लेषण १९४९ मध्ये प्रसिद्ध केले. परळ येथील सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय व त्याला जोडलेले के.ई.एम. रुग्णालय या दोन्ही संस्था १९२६ पासून कार्यरत होत्या. देशाच्या नाना प्रांतांतून मुंबईत आलेले रुग्ण तेथे येत. विकृतिशास्त्रज्ञ भेंडे यांचे काम याच परिसरात झाले. पुढील पिढ्यांतील वैद्यकीय विद्यार्थ्यांना ते मुख्यतः एस. जी. देवधरे यांच्यासमवेत लिहिलेल्या विकृतिशास्त्राच्या पाठ्यपुस्तकाचे लेखक म्हणून माहीत आहेत.

निबंधातील निरीक्षण

मुंबईत तीन व्यक्तींचे रक्त वेगळ्याच पद्धतीने वागताना आढळले. त्यांच्या तांबड्या पेशी ए-विरोधी वा बी-विरोधी रक्तद्रवाने गोळा होत नव्हत्या, म्हणून नेहमीच्या चाचणीप्रमाणे त्या ओ गटाच्या ठरत होत्या. पण ओ गटाच्या पेशींनाही या तिघांचे रक्तद्रव गोळा करत होते. ओ गटाचे रक्त सर्वांना चालते, या समजाला हा थेट तडा होता.

नमुन्यांची पुढील तपासणी लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये झाली. रेस व सँगर तेथील रक्तगट संशोधन विभागात काम करत. 'ब्लड ग्रुप्स इन मॅन' हा त्यांचा ग्रंथ १९५० मध्ये निघाला होता आणि पुढे पाव शतक तो या विषयाचा आधारग्रंथ मानला गेला. मॉर्गन व वॉटकिन्स हे रसायनाच्या बाजूने याच प्रश्नाकडे पाहत होते. ओ गटाच्या पेशींवर विपुल असलेल्या पदार्थाला 'एच' हे नाव त्यांनीच १९४८ मध्ये सुचवले होते. मुंबईच्या नमुन्यांत हा एच पदार्थच नव्हता, आणि रक्तद्रवात ए, बी व एच या तिन्हींविरुद्ध प्रतिपिंडे होती.

निबंधावरील नावांचा क्रमही लक्षणीय आहे. दूरच्या देशातील डॉक्टरने नमुना पाठवावा, मोठ्या प्रयोगशाळेने त्याचे विश्लेषण करावे आणि पाठवणाऱ्याचे नाव आभाराच्या ओळीत यावे, असे त्या काळी सहज घडू शकत होते. येथे पहिली तिन्ही नावे मुंबईची आहेत. वेगळेपण रुग्णशय्येपाशी ओळखले गेले, याची ही स्पष्ट नोंद आहे. पुढे संदर्भ-सूचींचे यांत्रिकीकरण झाल्यावर या क्रमाला अनपेक्षित महत्त्व आले. त्याचा विचार पुढे केला आहे.

जैविक स्पष्टीकरण

तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर शर्करांच्या लहान साखळ्या असतात. त्यांच्या टोकाला फ्युकोज ही शर्करा जोडली गेली की एच प्रतिजन तयार होतो. ए जनुकाने निर्माण केलेले विकर या एच प्रतिजनाला एन-असिटिल-गॅलॅक्टोसामीन जोडते, तर बी जनुकाचे विकर गॅलॅक्टोज जोडते. ओ जनुकाचे विकर निष्क्रिय असल्याने ओ गटाच्या माणसात एच तसाच उरतो. म्हणजे एच हा पाया व ए-बी हे त्यावरचे मजले होत. पायाच घातला गेला नाही, तर मजले बांधण्याचे सामान तयार असूनही इमारत उभी राहत नाही. बॉम्बे रक्तगटाच्या व्यक्तीत ए किंवा बी जनुक शाबूत असू शकते, मात्र त्याचा परिणाम दिसत नाही.

एका जनुकाने दुसऱ्या, स्वतंत्र जनुकाचा परिणाम झाकून टाकणे या घटनेला प्रबलन अथवा एपिस्टॅसिस म्हणतात. ही संज्ञा विल्यम बेटसन यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात वापरात आणली. तिची जुनी उदाहरणे कोंबड्यांचे तुरे, वाटाण्याच्या फुलांचे रंग, उंदरांची लव अशी आहेत. मानवातील सुबोध उदाहरण म्हणून बहुतेक पाठ्यपुस्तके बॉम्बे रक्तगटाकडे वळतात.

हे स्पष्टीकरण १९५२ च्या दोन पानांत पूर्णपणे आलेले नाही. त्यासाठी वंशावळीचा पुरावा हवा होता. फिलिप लेव्हिन यांनी सहकाऱ्यांसह १९५५ मध्ये 'ब्लड' या नियतकालिकात बी प्रतिजनाच्या दडपणुकीवरील निबंध लिहिला. त्यातील अमेरिकी कुटुंबातली एक स्त्री चाचणीत ओ गटाची ठरत होती, पण तिच्या अपत्यांत बी प्रतिजन उतरला होता. ओ गटाच्या आईकडून बी येऊ शकत नाही, म्हणजे तिच्याकडे बी जनुक होते आणि दुसऱ्या कोणत्या तरी जनुकाने ते दाबले होते. भेंडे व सहकाऱ्यांनी लक्षण दाखवले आणि लेव्हिन यांनी त्यामागील जनुकीय तर्क पक्का केला, असे या दोन निबंधांचे नाते आहे. पाठ्यपुस्तकांत मात्र नाव मुंबईचे व तर्क लेव्हिन यांचा असे एकत्र सांगितले जाते आणि वाचकाला ते एकाच ठिकाणी घडल्यासारखे वाटते.

मॉर्गन व वॉटकिन्स यांनी १९५९ मध्ये रक्तगट-पदार्थांच्या जैवनिर्मितीचा टप्प्याटप्प्याचा मार्ग मांडला. एचशिवाय ए व बी होत नाहीत, या त्यातील कळीच्या पायरीला बॉम्बे रक्तगटाने मोठा आधार पुरवला. विकरे शुद्ध करून वेगळी काढण्याच्या कितीतरी आधी निसर्गानेच एक पायरी गाळलेले नमुने या शास्त्रज्ञांच्या टेबलावर आणून ठेवले होते.

रेणवीय पातळीवरचा उलगडा चार दशकांनी झाला. एच विकराचे जनुक, ज्याला आता एफयूटी-१ म्हणतात, १९९० मध्ये वेगळे करण्यात आले. ते १९ व्या गुणसूत्रावर आहे. १९९४ मध्ये 'प्रोसीडिंग्ज ऑफ द नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेस'मध्ये बॉम्बे व पॅरा-बॉम्बे व्यक्तींच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. भारतीय बॉम्बे प्रकारात एफयूटी-१ च्या ७२५ व्या स्थानी टी ऐवजी जी आलेला असतो, त्यामुळे विकरातील एक अमिनो आम्ल बदलते व विकर निकामी होते. शेजारचे एफयूटी-२ हे जनुकही या व्यक्तींत जवळजवळ संपूर्ण गळालेले असते. म्हणून लाळेतही एच पदार्थ सापडत नाही. दोन्ही बदल एकत्र आढळत असल्याने भारतातील बहुतेक बॉम्बे व्यक्तींना हा वारसा समान पूर्वजांकडून आला असावा, हा निष्कर्ष सयुक्तिक ठरतो. ज्यांचे एफयूटी-२ शाबूत असते, त्यांच्या स्रावांत एच आढळतो. अशा व्यक्तींना पॅरा-बॉम्बे म्हणतात.

मुंबईतील पुढील लेखन

सात लेखकांपैकी भाटिया यांनी हा विषय पुढे अनेक वर्षे चालवला. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने १९५७ मध्ये मुंबईत रक्तगट संदर्भ केंद्र सुरू केले. त्यातूनच आजची राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था वाढली. ती के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारात आहे. भाटिया यांचे बरेचसे लेखन या केंद्राशी निगडित आहे. त्यांनी व संघवी यांनी १९६२ मध्ये 'व्हॉक्स सँग्विनिस' या नियतकालिकात दुर्मीळ रक्तगट व रक्तसंबंधातील विवाह यांच्या नात्यावर लिहिले. १९७४ मध्ये भाटिया व एम. एस. साठे यांनी मुंबईतील बॉम्बे लक्षणप्ररूपाचे प्रमाण प्रसिद्ध केले. सुमारे ७,६०० व्यक्तींमागे एक, हा आजही उद्धृत होणारा आकडा या अभ्यासातून आला.

१९६२ च्या निबंधातील मुद्दा एका काल्पनिक उदाहरणाने समजावून घेता येतो. एखाद्या समाजात सदोष एच जनुकाचा वाहक शंभरात एक आहे, असे धरू. विवाह नात्याबाहेर होत असतील, तर दोन्ही प्रती सदोष असलेले मूल जन्मण्याची शक्यता ४०,००० मध्ये एक राहते. त्याच समाजात मामाच्या किंवा आत्याच्या मुलीशी विवाह झाला, तर त्या जोडप्याच्या अपत्याबाबत ही शक्यता सुमारे ३,००० मध्ये एक, म्हणजे तेरा पटींहून अधिक होते. जनुक तेच व तितकेच दुर्मीळ असते. बदलते ते दोन प्रती एकत्र येण्याचे गणित. मामेबहिणीशी विवाहाची चाल महाराष्ट्रातील अनेक समाजांत प्रचलित असल्याने या निबंधाचा विषय येथे केवळ सैद्धांतिक नव्हता.

भारतीय वंशाच्या लोकांबरोबर हे जनुक समुद्रापारही गेले. दक्षिण आफ्रिकेतील नाताळ प्रांतातील भारतीयांमध्ये ते १९७० च्या दशकाच्या आरंभी नोंदले गेले. हिंदी महासागरातील रियुनियन बेटावर तर दोन भिन्न प्रकार आढळले. एक भारतीय मुळाचा व दुसरा युरोपीय मुळाचा. युरोपीय प्रकारातील जनुकीय बदल निराळा आहे, तेव्हा ज्याला ज्याला बॉम्बे म्हटले जाते ते सारे मुंबईहून निघालेले नाही.

संदर्भ-प्रभाव

एखाद्या निबंधाचा उल्लेख नंतरच्या किती निबंधांच्या संदर्भसूचीत झाला, या संख्येला त्याचा संदर्भांक म्हणता येईल. ही मोजदाद पद्धतशीरपणे युजीन गारफिल्ड यांनी सुरू केली. त्यांची 'सायन्स सायटेशन इंडेक्स' ही सूची १९६० च्या दशकात नियमित निघू लागली. भेंडे व सहकाऱ्यांचा निबंध तेव्हा दशकभर जुना झाला होता, आणि त्याला महत्त्व प्राप्त करून देणारी पहिली चर्चा सूची निघण्यापूर्वीच होऊन गेली होती.

छापील सूचीत उद्धृत निबंध केवळ पहिल्या लेखकाच्या नावाखाली शोधता येई. म्हणून 'भेंडे' हे नाव सूचीत टिकले आणि देशपांडे व भाटिया यांचा वाटा त्या निबंधापुरता अदृश्य झाला. संगणकीय काळात सर्व लेखकांची नावे नोंदली जाऊ लागली, तेव्हा दुसरी अडचण पुढे आली. आडनाव व आद्याक्षरे एवढ्यावर माणूस ओळखायचा झाला, तर देशपांडे, जोशी, कुलकर्णी, भाटिया या आडनावांच्या संशोधकांचे लेखन एकमेकांत मिसळते. एका सी. के. देशपांड्यांचे निबंध दुसऱ्या सी. के. देशपांड्यांच्या खात्यावर जमा होणे ही अशा सूचींतील नित्याची चूक आहे. संशोधकाला कायमचा ओळख-क्रमांक देणारी ऑर्किड ही व्यवस्था २०१२ मध्ये सुरू झाली. १९५० च्या दशकातील लेखकांना तिचा लाभ होण्याचा प्रश्नच नव्हता.

शोध-शब्दांचीही गुंतागुंत आहे. हेच लक्षण निरनिराळ्या लेखांत बॉम्बे, ओ-एच, एचएच, एच-अभावी अशा नावांनी येते. एका शब्दाने शोध घेणाऱ्याला विषयावरील वाङ्मयाचा एक तुकडाच मिळतो. भारतात रूढ झालेले 'एचएच गट' हे बोलीतील नाव तर दिशाभूल करणारे आहे. जनुकशास्त्राच्या लेखनात मोठ्या लिपीतील एच म्हणजे कार्यक्षम रूप आणि लहान लिपीतील एच म्हणजे निकामी रूप. बॉम्बे व्यक्तीत दोन्ही लहान असतात. देवनागरीत लहान-मोठ्या अक्षरांचा भेद नसल्याने मराठी बातम्यांत छापलेले 'एचएच' वाचून नेमका उलटा अर्थही लागू शकतो.

तथापि संदर्भांक कमी दिसण्याचे सर्वांत मोठे कारण निबंधाचे यश हेच आहे. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी असे दाखवले की एखादा शोध ज्ञानाच्या अंगात पूर्ण मुरला की त्याच्या मूळ लेखकाचा उल्लेख करण्याची गरज कोणाला वाटत नाही. या प्रक्रियेला त्यांनी समावेशातून होणारा विलोप असे नाव दिले. ग्रेगर मेंडेल यांचा १८६६ चा मूळ निबंध संदर्भसूचीत न देता प्रबळ व अप्रबळ हे शब्द रोज वापरले जातात, तसाच हा प्रकार. बॉम्बे रक्तगटाचा उल्लेख करणारा लेखक बहुधा एखाद्या आढावा-लेखाचा, लेव्हिन यांच्या १९५५ च्या निबंधाचा अथवा १९९४ च्या रेणवीय अभ्यासाचा दाखला देतो. मूळ दोन पाने वाचण्याची त्याला आवश्यकता नसते. शिवाय येथे शोधाला व्यक्तीचे नाव मिळाले नाही, शहराचे मिळाले. हॉजकिन वा डाऊन यांची नावे त्यांच्या नावाच्या विकारांबरोबर प्रत्येक वेळी उच्चारली जातात. भेंडे यांच्या वाट्याला ते आले नाही.

लेखकनिष्ठ मोजमापांत ही विसंगती आणखी वाढते. भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हिर्श यांनी २००५ मध्ये सुचवलेला एच-निर्देशांक आता नेमणुका व बढत्यांत सर्रास वापरला जातो. रक्तगटाच्या एचशी त्याचा काही संबंध नाही. एखाद्या संशोधकाच्या दहा निबंधांना प्रत्येकी किमान दहा संदर्भ मिळाले असतील आणि अकरा निबंधांना प्रत्येकी किमान अकरा मिळाले नसतील, तर त्याचा निर्देशांक दहा होतो. या गणितात एकाच निबंधाला हजार संदर्भ मिळाले, तरी त्या निबंधापुरता निर्देशांक एकच राहतो. रुग्णालयात शवविच्छेदन, निदान व अध्यापन करत असताना एखादाच मोठा शोध लागलेल्या विकृतिशास्त्रज्ञाला हे माप लावले, तर तो सामान्य संशोधकांच्या रांगेत शेवटी उभा राहतो. पाठ्यपुस्तकाची या सूचींत तुटपुंजी दखल घेतली जाते, म्हणून भेंडे व देवधरे यांच्या पुस्तकावर शिकलेल्या पिढ्यांची मोजदादही कोठे होत नाही.

प्रकाशन कोठे झाले, यानेही फरक पडतो. 'लॅन्सेट' जगभर वाचले जात होते. बॉम्बे रक्तगटावरील काही प्रारंभिक भारतीय निरीक्षणे भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात आली. परदेशातील ग्रंथालयांत त्याचे अंक लॅन्सेटइतके सहज मिळत नसत. मुंबईतीलच दुसऱ्या एका शोधाशी तुलना येथे उद्बोधक ठरते. एस. एस. बडाकेरे, एस. आर. जोशी, भाटिया व सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये एका नव्या रक्तगट-प्रतिजनाचे प्राथमिक वृत्त 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च'मध्ये दिले. त्यातून 'इंडियन' ही स्वतंत्र रक्तगट-प्रणाली मान्य झाली. तिचे प्रतिजन सीडी-४४ या प्रथिनावर असतात, हे नंतर समजले. ही शास्त्रीय कामगिरी एका अर्थी अधिक मोठी म्हणावी लागेल, कारण येथे संपूर्ण प्रणालीलाच देशाचे नाव मिळाले. तरी रक्तविज्ञानाबाहेर ती फारशी कोणाला माहीत नाही.

रक्तविज्ञानाबाहेरील पडसाद

निबंधाचा विषय अनपेक्षित शाखांतही पोचला. १९९२ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये इस्रायलमधील दोन मुलांचे वर्णन आले. त्यांना वारंवार गंभीर संसर्ग होत होते, वाढ खुंटली होती आणि दोघांचाही रक्तगट बॉम्बे होता. त्यांच्यात केवळ एच विकराचा दोष नव्हता. शरीराची फ्युकोज वापरण्याची व्यवस्थाच बिघडली होती. पांढऱ्या पेशींना रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटण्यासाठी फ्युकोजयुक्त साखळी लागते, हे त्या दोन मुलांच्या रक्तगटावरून लक्षात आले. आता या विकाराला श्वेतपेशी आसंजन-न्यूनता, प्रकार दोन असे म्हणतात. नेहमीच्या बॉम्बे व्यक्तीला असा कोणताही आजार नसतो. रक्त लागेपर्यंत ती व्यक्ती इतरांइतकीच निरोगी असते आणि आपल्या वेगळेपणाची तिला कल्पनाही नसते. नोरोव्हायरससारखे काही विषाणू आतड्यातील एच प्रतिजनाला चिकटतात, हे कळल्यापासून एफयूटी-२ जनुकाचा अभ्यास साथरोगशास्त्रातही होऊ लागला आहे.

रक्तपेढीतील महत्त्व

संदर्भसूचीत न उतरणारा प्रभाव रक्तपेढीच्या टेबलावर दिसतो. धाराशिव जिल्ह्यातील ढोकीसारख्या गावातून प्रसूतीसाठी वा अपघातानंतर मोठ्या रुग्णालयात हलवलेली एखादी व्यक्ती बॉम्बे रक्तगटाची आहे, असे समजा. केवळ पेशींचे परीक्षण केले, तर तिच्या कागदावर 'ओ' असे लिहिले जाईल. ओ गटाची पिशवी लावली, तर तिच्या रक्तातील एच-विरोधी प्रतिपिंडे दात्याच्या पेशी फोडू लागतील. ही प्रतिपिंडे शरीराच्या तापमानालाही प्रभावी असतात, त्यामुळे ही प्रतिक्रिया प्राणघातक होऊ शकते. ओ गटाच्या पेशींवर एच सर्वाधिक असतो, म्हणून इतरांना सर्वांत सुरक्षित मानले जाणारे रक्तच या व्यक्तीला सर्वांत घातक ठरते.

त्यावरील उपाय साधे आहेत. रक्तद्रवाचे उलट परीक्षण करताना ए व बी पेशींबरोबर ओ पेशीही वापराव्यात. त्या गोळा झाल्या, तर बॉम्बे रक्तगटाची शंका घ्यावी. युलेक्स युरोपियस या काटेरी झुडपाच्या बियांपासून काढलेल्या एच-विरोधी लेक्टिनने शंकेचे निरसन होते. ही काळजी घेतली नाही, तर शेवटची अडसर जुळणी-चाचणीची असते. एकामागून एक ओ गटाच्या सर्व पिशव्या विसंगत ठरू लागल्या की तंत्रज्ञाच्या मनात १९५२ चा प्रश्न पुन्हा उभा राहतो.

बॉम्बे व्यक्तीला फक्त बॉम्बे व्यक्तीचेच रक्त चालते. तांबड्या पेशी शीतकपाटात ३५ ते ४२ दिवसच टिकतात, त्यामुळे क्वचित लागणारे हे रक्त साठवून ठेवणे परवडत नाही. ग्लिसरॉलमध्ये गोठवून ते वर्षानुवर्षे ठेवता येते, पण ती सोय मोजक्याच केंद्रांत असते. प्रत्यक्षात भर दात्यांच्या याद्यांवर असतो. गरज निर्माण झाली की दाता शोधून त्याला बोलावले जाते किंवा रक्ताची पिशवी एका शहरातून दुसऱ्या शहरात नेली जाते. नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाचे स्वतःचेच रक्त काढून ठेवण्याचा पर्यायही वापरला जातो. एका व्यक्तीचा गट बॉम्बे निघाला की तिच्या सख्ख्या भावंडांची तपासणी प्रथम करतात. आईवडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक भावंड त्याच गटाचे असण्याची शक्यता चारात एक असते. नवा दाता बहुतेक वेळा असाच घरात सापडतो.

नामकरण

आंतरराष्ट्रीय रक्तसंक्रमण संस्थेच्या वर्गीकरणात एच ही स्वतंत्र रक्तगट-प्रणाली असून तिचा क्रमांक ०१८ आहे. बॉम्बे हे तिच्यातील अभावात्मक लक्षणप्ररूप होय. उपरोक्त 'इंडियन' प्रणालीचा क्रमांक ०२३ आहे. शहराचे अधिकृत इंग्रजी नाव १९९५ मध्ये मुंबई झाले, परंतु वैद्यकीय वाङ्मयात रक्तगटाचे नाव बदलले गेले नाही. मराठी वृत्तपत्रांत 'बॉम्बे ब्लड ग्रुप', 'बॉम्बे रक्तगट' व क्वचित 'मुंबई रक्तगट' ही तिन्ही रूपे आढळतात. रक्तपेढीच्या कागदपत्रांत मात्र 'बॉम्बे' हेच रूप चालते, कारण पिशवीवरील नोंद वाचणारा तंत्रज्ञ कोणत्याही राज्यातील असू शकतो.